करिंथच्या बाजारातलं मांस: एका पत्रातले तीन निकाल

मराठी बायबलमध्ये करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याच्या विषयाने उघडतो. शब्द चुकीचा नाही, पण मराठी कानाला नैवेद्य म्हटलं की केळीच्या पानावरचा वरणभात आणि मोदक दिसतात. मूळ ग्रीक शब्द 'आयडोलोथुतोन' म्हणजे मूर्तीपुढे कापलेलं. प्रश्न मांसाचा होता, आणि तोही तिखटाच्या नैवेद्याचा. हे लक्षात ठेवलं नाही तर आठ ते दहा हे तीन अध्याय भाविकतेची साधारण शिकवण वाटू लागतात. खरं तर ती एका भांडणाची फाईल आहे: तक्रार, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आणि तीन वेगवेगळ्या जागांसाठी तीन वेगवेगळे निकाल.

मांसाहाराबद्दल ख्रिस्ती भूमिका काय, असं विचारणाऱ्याला बहुधा एक ओळ उत्तर मिळतं: सगळं चालतं. ही ओळ करिंथमध्येच बोलली जात होती आणि पत्र लिहिणाऱ्या पौलाने, म्हणजे तिथली मंडळी उभी करणाऱ्या प्रेषिताने, तीच तपासायला घेतली.

शहर आणि मांसाचा प्रवास

रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये करिंथ हे ग्रीक शहर जमीनदोस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने तिथे नवी रोमन वसाहत वसवली. पूर्वेला किंख्रिया, पश्चिमेला लेखायन अशी दोन बंदरं, आणि दर दोन वर्षांनी भरणारे इस्थमियाचे खेळ. पौल तिथे दीड वर्ष राहिला. तिथे त्याला गल्लियो या प्रांताधिकाऱ्यापुढे उभं केलं गेलं, आणि डेल्फीच्या शिलालेखावरून गल्लियोचा काळ इ.स. ५१-५२ च्या आसपासचा ठरतो, म्हणून पौलाचा मुक्कामही त्याच सुमाराचा. पत्र त्याने नंतर इफिसहून लिहिलं, साधारण ५४-५५ मध्ये. करिंथकरांनी आधी त्याला लेखी प्रश्न पाठवले होते हे पत्राच्या ७:१ (अध्याय ७, वचन १) वरून दिसतं.

मांस ताटात यायचं कसं, ते आधी पाहू. ग्रीक पद्धतीच्या बळीत जनावर मिरवणुकीने वेदीपाशी आणत. डोक्यावर पाणी आणि बार्लीचे दाणे टाकत, कपाळाचे थोडे केस कापून विस्तवात टाकत, मग गळा चिरत. मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळत. कलेजी, दिल, गुर्दे शिगेवर भाजून वेदीजवळची मंडळी तिथेच खात. पुजाऱ्याला ठरलेला वाटा मिळे, बऱ्याच ठिकाणी तंगडी आणि कातडं. उरलेलं मांस शिजवून पंगतीला जाई, कच्चे वाटे घरोघर जात किंवा विक्रीला निघत. बैल कापला की एवढं मांस देवळात संपणं शक्य नव्हतं, आणि उन्हाळ्यात ते दुसऱ्या दिवशी टिकतही नव्हतं. म्हणून देऊळ आणि बाजार यांचं नातं आधी सोयीचं होतं, श्रद्धेचं मागाहून.

करिंथमध्ये सापडलेल्या एका लॅटिन शिलालेखाच्या तुकड्यांत 'मॅकेल्लुम' म्हणजे मांस-मासळीच्या बाजाराचा उल्लेख आहे. पौलाने १०:२५ मध्ये तोच शब्द ग्रीक रूपात वापरला, आणि नव्या करारात तो फक्त तिथेच येतो. असा बाजार प्रत्यक्ष पाहायचा तर पाँपेईचा बघावा. आवारातच सम्राटाच्या कुटुंबाचं देवघर आणि कोपऱ्यात विक्रीचे ओटे. तिथे मेंढ्यांचे सांगाडेही सापडले, म्हणजे बाजारातलं सगळंच मांस देवळातून येत नव्हतं, काही जनावरं तिथेच आणून कापली जात असावीत. गिऱ्हाइकाला मात्र ओट्यावरचा तुकडा पाहून फरक कळणं अशक्य. सगळा पेच या न कळण्यात आहे.

आणखी एक जागा होती: देवळाला लागून असलेले जेवणाचे कक्ष. करिंथच्या अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवस्थानात असे तीन कक्ष उत्खननात निघाले. प्रत्येकात भिंतींना लागून लवंडून जेवायची ११ बाकं. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे मिळालेल्या पपायरसांत अशा जेवणांची आमंत्रणंही आहेत. दुसऱ्या शतकातल्या एकात खैरेमोन नावाचा यजमान सरापिस देवाच्या मेजावर जेवायला बोलावतो: देवळात, उद्या १५ तारखेला, नवव्या तासापासून, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला. दुसऱ्या एका आमंत्रणात तेच सरापिसचं मेज एका गृहस्थाच्या घरी मांडलेलं आहे. वाढदिवस, लग्न, नवस, धंद्याच्या गाठीभेटी, सगळं अशा पंगतींवर चाले. तिथे जाणं नाकारायचं म्हणजे समाजात वावरणंच सोडायचं.

दोन बाजू

करिंथच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, एक गट होता, त्याला अभ्यासक 'सबळ' म्हणतात. त्यांची वाक्यं पौल जशीच्या तशी उचलतो असं आज बहुतेक टीकाकार मानतात: आपल्या सर्वांना ज्ञान आहे, जगात मूर्ती म्हणजे काहीच नाही, सर्व गोष्टींची मुभा आहे. तर्क सरळ होता. देव एकच, मूर्ती पोकळ, मग तिच्यापुढे कापलेला बोकड आणि कसायाकडचा बोकड यात फरक कुठला?

दुसरा गट 'दुर्बळ'. हे लोक अडाणी नव्हते. कालपरवापर्यंत तेच मांस देवाचं म्हणून खाल्लेली ही माणसं. तोंडात घास गेला की जुनी भक्ती जागी होई आणि मन खाई. पौल ८:७ मध्ये हे कारण नेमकं सांगतो: सवय.

यावर गेर्ड थाइसेन या जर्मन अभ्यासकाने १९७० च्या दशकात एक उपयोगी मुद्दा मांडला. वादाला वर्गाची बाजू आहे. गरीब माणूस मांस खाई तो मुख्यतः सणाच्या सार्वजनिक वाटपात, म्हणून त्याच्या लेखी मांस आणि देव यांची सांगड पक्की. श्रीमंताच्या ताटात ते एरवीही असे, त्यामुळे त्याला सांगड तोडणं सोपं. आमंत्रणंही त्यालाच येत आणि नाकारली तर नुकसानही त्याचंच. हे चित्र पूर्ण सिद्ध नाही. रोमन शहरांत रस्त्याकडेच्या खानावळींत हलकं मांस मिळायचं. पण अकराव्या अध्यायात त्याच मंडळीत प्रभुभोजनाला एक जण उपाशी आणि दुसरा झिंगलेला आहे, ते वाचल्यावर थाइसेनचं म्हणणं झटकून टाकता येत नाही.

यरुशलेममधल्या प्रेषितांच्या सभेचा निर्णय (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५) पौलाच्या हाताशी असायला हवा होता. त्यात मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म, या चार गोष्टी वर्ज्य ठरल्या होत्या. एक ओळ उद्धृत केली असती तर प्रकरण मिटलं असतं. या तीन अध्यायांत त्याचा उल्लेखही नाही. पौलाला फर्मान काढायचं नव्हतं असं मानलं तरच हे मौन समजतं.

निकाल पहिला: देवळातली पंगत

इथे वाचणारे हमखास चुकतात. आठव्या अध्यायात पौल देवळातल्या जेवणाला फक्त एक हरकत घेतो: तुला तिथे लवंडून जेवताना दुर्बळ भावाने पाहिलं तर? उपरोध मुद्दाम आहे. ८:१ मध्ये 'प्रीती उभारणी करते' असं म्हणताना वापरलेलं क्रियापद तो ८:१० मध्ये पुन्हा वापरतो: तुझ्या उदाहरणाने त्याच्या मनाची 'उभारणी' होईल, म्हणजे मन खात असतानाही तो खायला धजेल. एवढंच वाचून थांबलं तर निष्कर्ष निघतो की कुणी पाहत नसेल तर चालेल.

दहाव्या अध्यायात दार बंद होतं. एकाच भाकरीचे वाटेकरी एक शरीर होतात, वेदीवरचं खाणारे वेदीचे भागीदार होतात, म्हणून प्रभूचं मेज आणि भुतांचं मेज दोन्हींवर बसता येत नाही (१०:२१). इथे प्रेक्षकाचा संबंधच नाही. मूर्ती काही नाही हे तो १०:१९ मध्ये पुन्हा मान्य करतो, पण पंगत हे कृत्य आहे आणि कृत्याला अर्थ असतो. मांस तेच; बदलतं ते यजमानपद. पंगत सरापिसची असेल तर जेवणारा सरापिसचा पाहुणा.

मग आठव्यात सौम्य आणि दहाव्यात कडक का? काहींनी दोन वेगळी पत्रं जोडली गेली असं सुचवलं. साधं स्पष्टीकरण जास्त पटतं. आधी सबळांचं तत्त्व मान्य करून त्यांना ऐकायला बसवायचं, मध्ये नवव्या अध्यायात स्वतः हक्क कसा सोडला ते दाखवायचं, मग निकाल सांगायचा. सुवार्तेच्या कामाबद्दल पोषण मागण्याचा हक्क पौलाला होता, तो त्याने वापरला नाही. त्यामुळे नववा अध्याय विषयांतर नसून पुरावा आहे. तो गाळून आठवा आणि दहावा जोडून शिकवणाऱ्यांचं गणित म्हणूनच बसत नाही.

निकाल दुसरा: बाजार

बाजारात विकलं जातं ते खा, सदसद्विवेकबुद्धीपायी चौकशी करू नका. कारण म्हणून स्तोत्र २४:१, पृथ्वी परमेश्वराची आहे. यहुदी माणसासाठी हे केवढं धाडसाचं होतं ते जोसेफस या यहुदी इतिहासकाराने दिलेल्या, आशिया मायनरमधल्या सार्दीस शहराच्या ठरावावरून कळतं. तिथल्या यहुद्यांनी शहराकडून अशी सोय मिळवली होती की बाजाराच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्यासाठी योग्य अन्न आणवावं. म्हणजे चौकशी करणं ही धर्मनिष्ठेची रीत होती. पौल नेमकी तीच थांबवतो.

गमतीचा भाग असा की करिंथमध्ये एरास्त नावाच्या माणसाने एडाइल या पदाच्या बदल्यात स्वखर्चाने फरसबंदी केल्याचा शिलालेख आहे, आणि पौल रोमकरांस पत्रात (१६:२३) नगराचा कारभारी एरास्त याचा नमस्कार कळवतो. दोघे एकच असतील असं अनेकांना वाटतं. नावं जुळणं हा पुरावा नव्हे. रोमन शहरात बाजारांवर देखरेख एडाइलची. दोघे खरंच एक असतील, तर मांसाच्या ओट्यांवर लक्ष ठेवणारा माणूसच मंडळीत बसत होता.

निकाल तिसरा: मित्राचं घर

अविश्वासी माणसाने बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढलेलं खा, विचारू नका. पण कुणी म्हणालं, "हे देवाला वाहिलेलं आहे," तर खाऊ नका. इथे पौल शब्द बदलतो. 'आयडोलोथुतोन' हा ख्रिस्ती-यहुदी तुच्छतेचा शब्द होता. १०:२८ मधला माणूस 'हिएरोथुतोन' म्हणतो, म्हणजे देवाचं, पवित्र. हा मूर्तिपूजकाचा आदराचा शब्द. बोलणारा यजमान किंवा त्याचाच पाहुणा असावा, असं त्यावरून पुष्कळांना वाटतं. त्याने सांगितलं त्या क्षणी जेवण हे जेवण उरत नाही. घास घेणं म्हणजे त्याच्या श्रद्धेला होकार. म्हणून थांबायचं ते सांगणाऱ्याच्या मनासाठी, स्वतःच्या नव्हे, असं पौल स्पष्ट करतो (१०:२९).

तीन निकालांत मांस एकच आहे. पौल पाहतो ते जागा कुणाची, बोलावणारा कोण आणि कुणी काय उच्चारलं.

पुढे काय झालं

पौलाची बारीक विभागणी फार टिकली नाही. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना मूर्तींचं मांस खाल्ल्याबद्दल सरसकट ताकीद आहे. डिडाखे या प्राचीन नियमपुस्तिकेत (६:३) बाकी अन्नाबद्दल जमेल तेवढं पाळा असं म्हटलं आहे, पण मूर्तीला वाहिलेल्यापासून कटाक्षाने दूर राहा. इ.स. ११२ च्या सुमाराला बिथुनियाचा अधिकारी प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो की त्याच्या कारवाईनंतर बळीचं मांस पुन्हा खपू लागलं आहे, एरवी गिऱ्हाईक मुश्किलीने मिळत होतं. म्हणजे तिथले ख्रिस्ती बाजारात चौकशी करत होते, किंवा घेतच नव्हते.

उलट्या बाजूचीही चूक झाली. चौथ्या शतकात आशिया मायनरमध्ये मांस खाणाऱ्याला तारण नाही असं म्हणणारे तपस्वी निघाले. गंग्रा इथल्या सभेने (इ.स. ३४० च्या आसपास) दुसऱ्या नियमात त्यांना शाप दिला: रक्त, मूर्तीचं आणि गळा दाबलेलं सोडून श्रद्धेने मांस खाणाऱ्याला दोषी ठरवणारा बहिष्कृत. मांस सोडायला मनाई नव्हती, सोडण्याचा निकष दुसऱ्यावर लादायला होती.

रक्ताचा नियम मात्र वेगळ्या वाटेने गेला, आणि शिकारीचा प्रश्न इथे शिरतो. लेवीय १७:१३ सांगतं की पशू किंवा पक्षी शिकार करून मारला तर त्याचं रक्त जमिनीवर ओतून मातीने झाकावं. म्हणजे शिकारीला परवानगी होती, पद्धत ठरलेली होती. फासात गुदमरलेला पक्षी किंवा मानेवर फटका मारून मेलेला ससा यात रक्त आतच राहतं, म्हणून तो यरुशलेमच्या यादीतल्या 'गळा दाबून मारलेल्या'त बसतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने चौथ्या शतकाच्या अखेरीस मॅनिकी या प्रतिस्पर्धी पंथाच्या फाउस्तसला उत्तर देताना नेमका हाच ससा घेतला. हाताने मानेवर फटका मारून मेलेला, जखम नसलेला ससा आता कोण ख्रिस्ती टाकतो? जे थोडे अजून कचरतात त्यांना बाकीचे हसतात. त्याच्या मते नियम यहुदी आणि परराष्ट्रीय एका मेजावर बसावेत म्हणून होता. मेज बदललं, नियम सरला. पूर्वेकडे ६९२ च्या त्रुल्लो सभेने (नियम ६७) रक्ताचे पदार्थ खाणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत आणि सामान्य माणसाला बहिष्कृत ठरवलं. पश्चिमेत १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या सभेने बंदी आता लागू नाही असं जाहीर केलं. गोव्यातल्या आणि वसईतल्या सणाच्या ताटात डुकराचं रक्त घातलेलं सोरपोतेल बिनदिक्कत बसतं ते या दुसऱ्या निर्णयाच्या बाजूने.

शिकारीच्या छंदाबद्दल चर्च कडक राहिलं, पण फक्त धर्मगुरूंपुरतं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन सभेने (नियम १५) पाद्र्यांना शिकार आणि त्यासाठी कुत्रे-ससाणे पाळायला मनाई केली. हरकत मांसाला नव्हती, त्या नादाला होती.

आपल्याकडे

मराठी ख्रिस्ती माणसाला करिंथ परका नाही. गावच्या जत्रेत देवीपुढे बोकड पडतो, कोकणात राखणदाराला कोंबडं दिलं जातं, नवस फेडायला कंदुरी होते. पौलाचे तीन निकाल इथे लावून पाहता येतात, पण एका ठिकाणी घसरायला होतं.

खाटकाकडचं मटण सोपं आहे. ते कुठून आलं, कुणाचं नाव घेऊन कापलं, न विचारता घ्यावं. हलालच्या दुकानालाही हाच न्याय. देवळापुढच्या मांडवातली पंगतही सोपी: यजमान देवी आहे, तिथे बसता येत नाही. घसरायला होतं ते घरच्या कंदुरीत. लोक म्हणतात, घर आहे, देऊळ नाही, म्हणून तिसरा निकाल. पण कंदुरीचं आमंत्रणच देवाच्या किंवा पिराच्या नावाने येतं. 'हे देवाचं' हे वाक्य जेवणाआधीच उच्चारलं गेलेलं असतं. सरापिसचं मेज गृहस्थाच्या घरी मांडलं होतं, तीच ही स्थिती. उलट, शेजाऱ्याने जत्रेच्या दुसऱ्या दिवशी साधं जेवायला बोलावलं आणि रश्श्यात कालचाच वाटा असेल, तर न विचारता जेवणं हे पौलाच्या शब्दांशी सुसंगत आहे.

न खाणाऱ्यालाही इथे जागा आहे, आणि त्याचं ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या, २९ सप्टेंबरला बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिनला त्यात जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंनी उत्तर दिलं त्याचा आशय असा: पूर्वजांच्या चालीरीती मी जमेल तितक्या पाळते, एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये येऊन राहिली आणि तिने निरुपद्रवी सवयी बदलल्या नाहीत तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का? रोमकरांस १४:३ नेमकं हेच सांगतं, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये. गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालयाने (इन्क्विझिशनने) १७३६ च्या फर्मानात हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवण्यावरही बंदी घातली होती. रमाबाईंना झालेला त्रास त्या मानाने सौम्य, पण तर्क एकच: ताटावरून निष्ठा मोजायची.

रानडुकराचा किंवा भेकराचा वाटा कुणी आणून दिला तर 'विचारू नका' हे वाक्य कामाला येत नाही. पौलाची सूट देवाला वाहिलं का या एकाच चौकशीपुरती आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली, आणि बेकायदा मारलेल्या प्राण्याचं मांस बाळगणाराही अडचणीत येतो. इथे विचारायचं, आणि समाधान झालं नाही तर वाटा परत करायचा.

नकार कधी द्यायचा, हाही व्यवहाराचा भाग आहे. पान मांडल्यावर, सगळ्यांसमोर हात आखडला की यजमानाचा मान जातो, आणि बाजूला बसलेल्या नव्या विश्वासणाऱ्यालाही कळत नाही की हा मांस नाकारतोय, माणूस नाकारतोय की जात पाळतोय. कंदुरीचं आमंत्रण घेऊन शेजारी दारात आला की तेव्हाच सांगावं: "काका, देवाच्या जेवणाला नाही बसता येणार, पण परवा सकाळी चहाला नक्की येतो." आणि परवा सकाळी जावं.